दादरच्या घरातला बिडाचा टब, बेसिन आणि टाईल्स : रंगकामाच्या नोंदी

आईचं घर दादरला, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. न्हाणीघरात पाच फुटी बिडाचा टब आहे, आतून पांढरं इनॅमल. आमच्याकडे त्यात पडून अंघोळ कुणी कधी केली नाही. नळाला पाणी ठरावीक वेळीच यायचं, म्हणून आजी त्यात पाणी भरून ठेवायची. गोधड्या त्यातच धुतल्या जायच्या आणि मे महिन्यात दुपारी आम्हा भावंडांना त्यात बसायला मिळायचं. आता नळाखाली गंजाचा तपकिरी ओघळ आहे, काठाला तीन ठिकाणी टवके गेलेत, तळ खरखरीत झालाय. भिंतीवर चार फुटांपर्यंत सहा बाय सहाच्या टाईल्स, कधीकाळी पांढऱ्या. बेसिनला केसासारख्या रेषा.

सगळं तोडून नवीन करायला ठेकेदारानं पावणेदोन लाख सांगितले. पैशांपेक्षा भीती वेगळी होती. टाईल्स फोडताना खालचा कोबा हलला आणि वॉटरप्रूफिंग दुखावलं, की खालच्या काकूंच्या छताला पाझर ठरलेला. टबाचं वजन दीड क्विंटलच्या आसपास. आमच्या जिन्यानं तो उतरवायचा म्हणजे आधी घणानं फोडायचा. आई म्हणाली, "सासूबाईंचा टब आहे, फोडू नकोस." म्हणून रंगकाम करायचं ठरवलं. मी डोंबिवलीला राहते, त्यामुळे बहुतेक काम शनिवार-रविवारचं. मुदत एकच: दिवाळीची पहिली अंघोळ, ३१ ऑक्टोबर.

१० ऑगस्ट २०२४, शनिवार

अंदाज घ्यायला बेसिनपासून सुरुवात. हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या चकचकीत रंगाचे साधे स्प्रे कॅन आणले, दोन, ३२० रुपयांना एक. बेसिन भांड्यांच्या साबणानं घासलं, पुसलं, वाळवलं आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं तीन हात मारले. संध्याकाळी बेसिन नव्यासारखं दिसत होतं. आईनं शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं.

१८ ऑगस्ट, रविवार

रंग गेला. भाऊ दाढीसाठी बेसिनमध्ये गरम पाणी घेऊन बसला होता, तेव्हा भोकाजवळ एक फुगा आला. मी नखानं उचलला तर दुधावरची साय निघावी तसा तळहाताएवढा पापुद्रा अखंड सुटून आला. उलटा करून खिडकीपाशी धरला. खालची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती, बेसिनच्या ग्लेझचा हुबेहूब साचा. रंग त्या पृष्ठभागाला चिकटलाच नव्हता, नुसता त्यावर पसरून वाळला होता.

दोन गोष्टी चुकल्या. ग्लेझ आणि इनॅमल म्हणजे काचच. ती खरवडल्याशिवाय तिच्यावर रंग नीट पकड घेत नाही. आणि कॅनमधला साधा रंग हवेत वाळतो, पण इपॉक्सीसारखा (दोन डब्यांतला माल कालवून मारायचा रंग) आतून घट्ट होत नाही. गरम पाण्यानं तो मऊ पडतो. ६४० रुपये आणि एक शनिवार गेला. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे पुढचं सगळं अनंत चतुर्दशीनंतर.

२१ सप्टेंबर, शनिवार

आईला ठाण्याला मावशीकडे पाठवलं. तिला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे यात तडजोड नव्हती. डक्टला लागून ज्यांच्या खिडक्या आहेत त्या चारही घरी सांगून आले.

बेसिनवरचा उरलेला रंग काढायला दुकानदारानं "पेंट रिमूव्हर" पुढे केला. डबा फिरवून वाचला तर मिथिलीन क्लोराइड. तो परत ठेवला. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबाचं रंगकाम करणारे १३ कामगार याच रसायनानं दगावल्याची नोंद तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं प्रसिद्ध केली आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टबात साठते आणि माणूस टबात वाकूनच काम करत असतो. आमचं न्हाणीघर सात बाय पाच फुटांचं, खिडकी दीड फुटाची. रंग ब्लेडनं खरवडून काढला, दीड तास लागला. कुणी हे काम करणार असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, तो डबा घरात आणू नका.

त्यानंतर टबाच्या कडेचं जुनं सिलिकॉन कापून काढलं, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या नळीतली बाटली) आणि टबाच्या भोकात बसणारं वेस्ट कपलिंग सोडवलं. गंजाच्या डागावर ऑक्झॅलिक ॲसिडचा लेप वीस मिनिटं ठेवला, डाग ऐंशी टक्के गेला. टबाचा तळ खरखरीत का झाला होता तेही कळलं: कित्येक वर्षं तो संडास साफ करायच्या ॲसिडनं घासला जात होता, आणि त्यानं इनॅमल खाल्लं. ॲसिड वापरायचंच असेल तर त्याच दिवशी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी जवळही आणू नका, क्लोरीन वायू सुटतो.

२२ सप्टेंबर, रविवार

दिवसभर घासणं. काळा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर), आधी १८० नंबर, मग त्याहून बारीक ३२०. पाणी सोडत ओलंच घासायचं. जुन्या इनॅमलमध्ये आणि जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडी धूळ उडवायची नाही. निघालेला राडा फडक्यानं उचलून पिशवीत बांधला, मोरीत सोडला नाही.

किती घासायचं याचा माझा उपाय असा. सगळ्या टबावर शिसपेन्सिलीनं जाळीसारख्या रेघा ओढल्या आणि रेघ पुसली जाईपर्यंत घासलं. मग दिवा बंद करून टॉर्च भिंतीला टेकवून तिरका मारला. जिथे चमक दिसली तिथे पुन्हा. सगळ्यात जास्त चमक टबाच्या गोलाईत आणि भोकाच्या कडेला राहते, कारण तिथे पेपर धरलेला हात नीट बसत नाही. तिथे पेपर स्पंजभोवती गुंडाळून घासला. एकट्या टबाला साडेसहा तास लागले. बोटांची टोकं सोलवटली. ग्लव्ह्ज सकाळपासून घालायला हवे होते.

२५ सप्टेंबर, बुधवार

संध्याकाळी मुसळधार पाऊस, मध्य रेल्वे ठप्प, डोंबिवली गाठणं शक्यच नव्हतं. ऑफिसातून दादरलाच आले. रात्री टवक्यांचं काम उरकलं: गंज पार चकचकीत लोखंडापर्यंत खरवडला, पुसला आणि लगेच इपॉक्सी पुट्टी भरली. थांबून चालत नाही. ओल्या हवेत उघड्या बिडावर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते.

२८ आणि २९ सप्टेंबर

शनिवारी टाईल्स घासल्या, नऊ तास. रविवारी टाईल्सवर इपॉक्सीचा पहिला हात.

सामान लिहून ठेवते. टब-टाईलसाठीचा दोन डब्यांचा इपॉक्सी, माझ्या डब्यावर चार भाग बेस (मूळ रंग) आणि एक भाग हार्डनर (तो घट्ट करणारं रसायन) असं प्रमाण. हातात धरायची इलेक्ट्रिक स्प्रे गन. सेंद्रिय वाफांचे फिल्टर लावलेला रबरी अर्धमुखवटा. कोविडमधला एन-९५ इथे उपयोगाचा नाही. तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. काम झालं की मुखवटा झिप पिशवीत बंद करून ठेवायचा, नाहीतर फिल्टर कपाटातली हवा शोषत बसतात आणि संपतात.

दुकानदार गाडीला मारतात तो पीयू (पॉलियुरेथेन) रंग घ्या म्हणत होता, चमक जास्त येते म्हणून. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि फिल्टर संपला तरी वासावरून ते कळत नाही. बाहेरून नळीनं हवा पुरवणारा मुखवटा असेल तरच तो रंग. माझ्याकडे तो नव्हता. इपॉक्सी उन्हात पिवळा पडतो, पण आमच्या न्हाणीघरात ऊन येत नाही.

गीझरचा मेन स्विच बंद केला आणि दिवा बाहेरून दाखवला. एक्झॉस्ट फॅन लावला नाही, कारण थिनरची वाफ त्याच्या मोटरमधून जाते आणि ठिणगीची भीती असते. त्याऐवजी दाराबाहेर टेबल फॅन ठेवून हवा आत ढकलली, खिडकी सताड उघडी. ज्यांच्याकडे गॅस गीझर आहे त्यांनी गॅस सिलिंडरवरच बंद करावा.

आर्द्रता मोजायचं ३५० रुपयांचं यंत्र भिंतीवर लावलं होतं. आकडा ८६ टक्के. डब्यावर ८५च्या वर मारू नये असं छापलेलं होतं. एका टक्क्यानं काय होतंय, असं म्हणून मी मारला.

२ ऑक्टोबर, बुधवार (सुट्टी)

काय झालं ते बघायला गेले. टाईल्सवर हात फिरवला तर तेलकट, चिकट थर. तव्यावरच्या जुन्या तेलासारखा. मध्येमध्ये पांढुरके ढग. याला अमाईन ब्लश म्हणतात. हार्डनरमधला अमाईन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून वरती मेणासारखा थर धरतो. त्यावर दुसरा हात मारला असता तर तो त्या मेणावरच बसला असता आणि ऑगस्टच्या बेसिनसारखा सुटला असता.

थिनरनं पुसून पाहिलं, थर नुसता पसरला. तो पाण्यात विरघळतो हे नंतर लक्षात आलं. कोमट पाणी, साबण, हिरवा स्क्रबर, तीनदा धुवून मग ३२० पेपर. पाच तास. खाली इपॉक्सी घट्ट होता, एवढं समाधान.

यापुढे माझा नियम: आकडा ७०च्या वर असेल तर डबा उघडायचाच नाही. आणि टबाला हात लावून बघायचा. बीड थंड राहतं आणि दमट हवेत त्यावर न दिसणारं दव धरतं. ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्या दवबिंदूपेक्षा पृष्ठभाग निदान तीन अंश गरम हवा.

५ आणि ६ ऑक्टोबर

पाऊस उघडला. शनिवारी दुपारी आर्द्रता ६६. टाईल्सचा हात पुन्हा मारला, या वेळी व्यवस्थित.

गन वीतभर आणि वर दोन बोटं एवढ्या अंतरावर. हात चालू झाल्यावर ट्रिगर दाबायचा आणि हात थांबायच्या आत सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. मनगट वळवलं की मध्ये जाड आणि कडांना पातळ बसतो, म्हणून सगळा हात सरळ न्यायचा. पहिला हात अर्धवट दिसला तरी चालेल, खालचं दिसू दे. झाकायच्या नादात गन जवळ गेली की ओघळ येतात. माझ्याकडून दाराजवळच्या भिंतीवर तीन आले, ते वाळल्यावर ब्लेडनं कापून पेपर मारला.

रविवारी टब आणि बेसिन. टब छान बसत होता, पण भिंतीकडच्या काठावर माझ्या डोळ्यांदेखत रंग गोल गोल मागे सरकला आणि हरभऱ्याएवढे डोळे पडले. बरोबर जुन्या सिलिकॉनच्या रेषेवर. सिलिकॉन मी कापून काढलं होतं, पण त्याचा तेलकट अंश राहिला होता आणि एकाच फडक्यानं पुसत मी तो आणखी पसरवला होता. वरून कितीही रंग मारला तरी ते डोळे भरत नाहीत. तेवढा पट्टा ओला असतानाच पुसून टाकला. वाळल्यावर १८० पेपर आणि मग दोन फडकी: एक थिनरनं ओलं, लगेच मागून दुसरं कोरडं, आणि दोन्ही दर दोन फुटांनी बदलायची. जुना बनियन कामी आला.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

पहिल्या हाताला सहा दिवस झाले होते. डब्यावर ४८ तासांत दुसरा हात किंवा मग घासून घ्या असं लिहिलंय, म्हणून सगळं ४०० पेपरनं हलकं ओढून घेतलं. सकाळी घरच्या पूजेत गन, मुखवटा आणि पान्याला झेंडूचं फूल वाहिलं. आजोबा गिरणीत होते, ते दरवर्षी आपल्या हत्यारांना वाहायचे.

१३ ऑक्टोबर, रविवार

शेवटचा हात. आर्द्रता ५८, तापमान ३३. मला वाटलं आज सगळं जुळून आलं, आणि घाई केली. सगळा डबा एकदम कालवला. टाईल्स होईपर्यंत पाऊण तास गेला. मग टबाकडे वळले तेव्हा गनचा कप हाताला चटका बसेल इतका गरम, आणि आतला रंग खळीसारखा घट्ट. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडतो. एका भांड्यात जास्त माल असला की ती आतच कोंडते, माल आणखी तापतो आणि आणखी लवकर बसतो. त्यात ऑक्टोबरचं ऊन. ३०० मिली फुकट आणि ४५० रुपयांचा नोझल कायमचा बंद.

दादर स्टेशनबाहेरच्या दुकानातून नवा डबा आणि नोझल आणला. या वेळी २०० मिलीच कालवायचं, मापाच्या कपानं मोजून, पंधरा मिनिटं ठेवायचं, मग मारायचं आणि संपलं की लगेच थिनरनं गन धुवायची. टब संध्याकाळी पाचला पूर्ण झाला. दारात उभी राहून पाहिलं. खिडकीची चौकट त्यात सरळ दिसत होती, कुठे वाकडी नाही.

जमिनीच्या फरशीला रंग लावलेला नाही. पायाखाली तो झिजतो आणि ओला झाला की घसरतो. घरात सत्तरीचं माणूस आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आई ठाण्याहून परत आली. इमारतीत फलक होता, उद्या पाणी कमी दाबानं येईल. तिनं पन्नास वर्षांच्या सवयीनं टब भरला. वेस्ट कपलिंग बसवलेलंच नव्हतं, म्हणून भोकाला कापडाचा बोळा. मला फोनवर आनंदानं सांगितलं, "पाणी कसं निळं दिसतंय बघ." मी तिला रागावले नाही. सात दिवस पाणी लावायचं नाही हे मी ठेकेदाराला सांगावं तसं तिला ओझरतं सांगितलं होतं. दारावर कागद चिकटवायला हवा होता.

१९ आणि २० ऑक्टोबर

भोकाभोवती बोटभर रुंदीची फुगवटी. रंग अजून कच्चा होता, बोळ्यानं कड घासली गेली आणि पाणी त्या उघड्या कडेतून खाली शिरलं. बाकी टब शाबूत. फुगलेलं सगळं कापलं, कडा घासून उतरत्या केल्या, दोन दिवस पंख्यावर वाळवून रविवारी रात्री भोकाच्या आतपर्यंत दोन पातळ हात दिले. गन वापरली नाही. एवढ्याशा जागेला बारीक ब्रश बरा पडतो.

त्यातून एक गोष्ट ठरली: या टबात यापुढे पाणी साठवायचं नाही. सतत पाण्याखाली राहिलं तर चांगल्या बसलेल्या रंगालाही फोड येतात. आईला शंभर लिटरचं पिंप आणून दिलं. ते टबातच उभं राहतं, खाली रबर नव्हे तर लाकडी पाट. रबराची चोषण असलेली चटई तर कधीच नको, ती उचलताना रंग घेऊनच निघते.

२७ ऑक्टोबर, रविवार

सात दिवस पूर्ण. वेस्ट कपलिंग बसवलं, वॉशर आणि रंगाच्या मध्ये सिलिकॉनचा पातळ थर दिला, आणि नट हातानं आवळला, पान्यानं नाही. कडेला नवं सिलिकॉन. ते नेहमी रंगानंतर, आधी कधीच नाही.

हिशेब. इपॉक्सीचे तीन डबे ४,३५०, गन आणि जादा नोझल ३,०५०, मुखवटा फिल्टरसह २,८००, पेपर ६८०, पुट्टी ३५०, सिलिकॉन ५००, टेप आणि प्लॅस्टिक ६००, थिनर ४४०, आर्द्रतेचं यंत्र ३५०, कपलिंग आणि ट्रॅप ७८०, ऑगस्टमधले दोन कॅन ६४०. एकूण १४,५४०. त्यातले २,५४० माझ्या चुकांचे: कॅन, तिसरा डबा, नोझल. वेळ साधारण ६२ तास आणि त्यात प्रत्यक्ष गन चालवली ती जेमतेम पाच तास.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरक चतुर्दशी

पहाटे साडेचारला आईनं टबाजवळ पाट मांडला, बाजूला पणती ठेवली. उटण्याचे शिंतोडे टाईल्सवर उडाले. पाण्याचा तांब्या ओतला तसे सगळे निघून गेले. तेलाचा डाग मात्र साबणानं पुसावा लागला.

१६ मार्च २०२५, रविवार

साडेचार महिन्यांनी टॉर्च घेऊन तपासणी. टाईल्स जशाच्या तशा. बेसिनला नळाच्या खाली एक बारीक ओरखडा, स्टीलच्या डब्याचा. टबाच्या काठावर भरलेले टवके शोधूनही सापडत नाहीत. भोकाजवळ, जिथे दुरुस्ती केली होती, तिथे तांदळाएवढा एक फोड पुन्हा आलाय. मूळ रंग जिथे संपतो आणि दुरुस्ती सुरू होते त्या सांध्यावरच. बहुतेक मी कड पुरेशी उतरती केली नव्हती. पावसाळ्याआधी, एप्रिलच्या कोरड्या दिवसांत, कपलिंग सोडवून तेवढा भाग पुन्हा पांढऱ्या इनॅमलपर्यंत घासणार आहे. २०० मिलीएवढा माल शिल्लक आहे, डब्यावर तारीख लिहून माळ्यावर ठेवलाय.